वाटाण्याचा वेल

पुष्कळांची अशी समजूत असते की, थोर कार्य करणाऱ्या माणसाला एखाद्या क्षणी विलक्षण स्फूर्ती होते आणि तिच्या बळावर पुढील सारे काम आपोआप घडून येते. ही समजूत अर्धीच खरी आहे. स्फूर्ती क्षणात येते हे खरे. पण ती जगवावी लागते, आणि ते काम रोजचे असते. ही गोष्ट दादासाहेब फाळके यांच्या चरित्रावरून फार चांगली कळून येते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक विद्या त्यांना अवगत होत्या. रंगीत छपाईचे ज्ञान मिळवण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. परंतु छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी मतभेद झाले आणि तो धंदा त्यांना सोडावा लागला. वयाची चाळिशी आलेली, पदरी मुलेबाळे, आणि हाती उद्योग नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

त्या दिवसांत मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर ख्रिस्ताची कथा चालली असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहू लागले. आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर दिसाव्यात आणि त्या आपल्याच माणसांनी तयार कराव्यात, असे त्यांना उत्कटतेने वाटले. ही स्फूर्ती होण्यास एक खेळ पुरला. ती पडद्यावर उतरण्यास मात्र दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

हा काळ सुखाचा नव्हता. चित्रपटाचे तंत्र शिकवणारा गुरू जवळ कोणी नव्हता. त्यांनी एक लहानसे यंत्र आणि काही फिती मिळवल्या व त्यांचा अभ्यास आरंभला. तासन् तास त्या हलत्या चित्रांकडे पाहून आणि पुरेशी झोप न घेऊन त्यांचे डोळे इतके बिघडले की, काही काळ दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनी डोळे सुधारले, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच अभ्यास हाती घेतला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे चित्रपटांचे काम जवळून पाहून, कॅमेरा व इतर साहित्य विकत घेऊन ते परत आले.

आता प्रश्न होता भांडवलाचा. हिंदुस्थानात चित्रपट तयार करू, या केवळ शब्दांवर पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठरावीक अंतराने रोपाची चित्रे घेण्यास आरंभ केला. हा क्रम सुमारे महिनाभर चालला. चित्रे एकामागून एक वेगाने दिसू लागली की डोळ्यांना ती सुटी भासत नाहीत, सलग हालचाल भासते. त्यामुळे माती दुभंगून कोंब वर येतो, पाने फुटतात आणि पाहता पाहता वेल चढू लागतो, असे सारे एकदोन मिनिटांत पडद्यावर दिसले! 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट. तो पाहून एका परिचित गृहस्थाने कर्ज देण्याची तयारी दाखवली.

या लघुपटात प्रतिभेपेक्षा चिकाटी अधिक होती. कॅमेरा तोच, जागा तीच, कुंडीही तीच. आजच्या आणि कालच्या रोपात फरक दिसला तर किंचित. पण मधले काही दिवस कंटाळा येऊन काम चुकवले असते, तर पडद्यावर वेलाने एकदम उडी मारल्यासारखे दिसले असते आणि सारा परिणाम नाहीसा झाला असता. निरस वाटणाऱ्या प्रत्येक दिवसाला त्या चित्रात आपले स्थान होते.

पुढे 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे काम सुरू झाले. ते काम एकट्याचे राहिले नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट काम शिकून घेतले. उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश पाडण्यास त्या उभ्या राहत, आणि नटांचा व कामगारांचा स्वयंपाकही सांभाळत. आपले दागिनेही त्यांनी या कामी दिले. त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्रिया मिळेनात; तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामतीची भूमिका देण्यात आली. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात हा चित्रपट लोकांसमोर आला आणि प्रेक्षकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. पुढे भारत सरकारने १९६९ सालापासून फाळके यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील मोठा पुरस्कार देण्यास प्रारंभ केला.

उत्साह हा पाहुण्यासारखा असतो. तो कधी येतो, कधी निघून जातो. गाणे शिकणाऱ्या मुलाला काही दिवस सूर लागत नाही, चित्र काढणाऱ्या मुलीचा हात काही दिवस चालत नाही. अशा दिवसांत पुष्कळ जण स्फूर्तीची वाट पाहत बसतात आणि हातचे काम सोडून देतात. फाळक्यांनी तसे केले नाही. कोणाच्या मनात कोणते बी केव्हा पडेल, हे सांगता येत नाही. पण पडलेल्या बीला रोज पाणी घालणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती असते.