निशाचरीचा दिवस

ज्या कथेतील राक्षस शेवटच्या प्रकरणात राजपुत्र होतो, त्या कथेचे शेवटचे प्रकरण मी वाचीत नाही. ज्याच्या नखांची, केसाळ खांद्यांची आणि गुहेत घुमणाऱ्या श्वासाची सवय लेखकाने इतकी पृष्ठे खर्चून आपल्याला लावलेली असते, ज्याच्याविषयीचे भय ओसरून त्याच्या जागी कुतूहल, कुतूहलाच्या जागी करुणा आणि करुणेच्याही पलीकडची एखादी कोमल भावना नायिकेच्या बरोबरीने आपल्या मनात उगवलेली असते, तो प्राणी क्षणार्धात नाहीसा व्हावा, त्याच्या जागी रेशमी अंगरख्यातला कोणी अनोळखी, गोरागोमटा तरुण उभा राहावा आणि नायिकेने त्याच्याकडे पाहून आनंदाश्रू ढाळावेत, हा मला वाचकाशी केलेला उघड दगा वाटतो. फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह हिने १७४० साली विस्ताराने सांगितलेली आणि मादाम द बोमाँ हिने १७५६ साली आटोपशीर केलेली सुंदरी आणि पशू यांची कथा या प्रकारची आद्य मानली जाते. पण तिचे खरे मर्म, माझ्या मते, त्या रूपांतरात नसून रोजच्या सायंभोजनात आहे. पशू येतो, बसतो, एकच प्रश्न विचारतो, नकार ऐकतो आणि उठून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याच्या पंजात एका फटक्यात प्राण घेण्याचे सामर्थ्य आहे, त्याने उत्तराची वाट पाहावी, यात जी मोहिनी आहे ती सगळ्या राजपुत्रांच्या सगळ्या अंगरख्यांत मिळून नाही.

आमचे वडगाव रासाई शिरूर तालुक्याच्या दक्षिण सरहद्दीवर, भीमेच्या काठी आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. ज्या भीमाशंकराच्या डोंगरातून ही नदी निघते, तेथील ज्योतिर्लिंगाच्या माहात्म्यात शंकराने ज्याचा वध केला तो असुरही भीमच, कुंभकर्णाचा पुत्र. म्हणजे राक्षसांचे आणि आमचे पाणी एकच, असे म्हणावयास हरकत नाही. अशा गावी, उसाच्या फडांच्या शेजारी बसून मी या विषयावर मते बनवावीत याचे सारे श्रेय माझ्या पुतणीला आहे. ती शिक्षणासाठी शहरात असते आणि सुटीत येते तेव्हा तिच्या भ्रमणध्वनीत इंग्रजी कादंबऱ्यांचे एक अख्खे दप्तर असते, ज्यात नायिका मानवी आणि नायक शिंगांचा, पंखांचा, शेपटीचा, क्वचित जलचरही. "काका, वाचून तर बघा, पण आईला सांगू नका," अशी अट घालून तिने ते दप्तर माझ्या स्वाधीन केले आणि मी ती अट अद्याप पाळली आहे.

त्या साहित्याविषयी प्रथम प्रतिकूल मत नोंदवितो. यातील बहुसंख्य राक्षस पुरेसे राक्षस नाहीत. रूबी डिक्सन या लेखिकेच्या २०१५ साली निघालेल्या 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' या अतिशय खपलेल्या कादंबरीत हिमाच्छादित ग्रहावर निळ्या कातडीचे, शिंगे व शेपूट असलेले धिप्पाड पुरुष आहेत. आरंभी त्यांचे परकेपण मनावर ठसते, पण कथा जसजशी घरगुती वळणावर येते तसतशी शिंगे केवळ अलंकारापुरती उरतात आणि त्यांच्याखाली एक कर्तव्यदक्ष, काटकसरी, बायकोवर प्रेम करणारा, एखाद्या पतपेढीत सहज शोभून जाईल असा गृहस्थ सापडतो. त्याला घाण येत नाही, तो काही अभक्ष्य खात नाही, त्याची भूक आपल्याला कधी घाबरवीत नाही. शिंगे हवीत आणि भूक नको, ही या वाङ्मयाची मूलभूत तडजोड आहे, आणि ती मला रुचत नाही. काही कादंबऱ्यांच्या कथाबीजांचा नुसता उल्लेखही माझ्या वयाच्या माणसाने करणे प्रशस्त होणार नाही. त्या मी पुतणीला परत केल्या.

अनुकूल मत असे की, या जातीच्या पुष्कळशा कादंबऱ्यांत राक्षस विचारतो. सर्वच नाही; वर उल्लेखिलेल्या पुस्तकातील नायक आरंभीच विचारण्याचे विसरतो, आणि त्याबद्दल पुतणीचा त्याच्यावर कायमचा रोष आहे. परंतु या वाचकवर्गाला राक्षस प्रिय का, असे मी तिला विचारले तेव्हा तिने सौंदर्य, सामर्थ्य वगैरे काही न सांगता म्हटले, "काका, त्याला आपली भीती वाटेल हे ठाऊक असतं ना, म्हणून तो जपून वागतो. माणसाला कुठं ठाऊक असतं?" या उत्तराने मी मनुस्मृतीकडे वळलो, हे तिला फारसे आवडले नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

मनूने विवाहाचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांतील एकाला राक्षसविवाह हे नाव आहे: कन्येच्या आप्तांना मारून, घर फोडून, ती आक्रोश करीत असता तिला बळाने घेऊन जाणे. या नावावरून असा समज होतो की, हा राक्षसांचा रिवाज असावा. महाभारत उघडून पाहावे तो वहिवाट नेमकी उलटी. काशिराजाच्या तीन कन्यांना भर स्वयंवरातून रथात घालून नेणारा भीष्म, आणि नेताना सभेतील राजांना विवाहाचे आठही प्रकार ऐकवून आपल्या कृत्याची शास्त्रोक्त रुजुवात करून देणाराही तोच. सुभद्रेला पळवून नेण्याचा सल्ला अर्जुनाला देणारा प्रत्यक्ष तिचा भाऊ श्रीकृष्ण. रावणाचा अपवाद अर्थातच मोठा आहे आणि त्याची किंमतही त्याने भरली. पण भीष्माकडून कोणी लंका वसूल केली नाही. अंबेला त्यासाठी दुसरा जन्म घ्यावा लागला.

या पार्श्वभूमीवर हिडिंबा काय करते ते पाहण्यासारखे आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव व कुंती अरण्यात थकून झोपलेले आहेत, भीम एकटा जागा आहे, झाडावरच्या हिडिंब राक्षसाला माणसाच्या मांसाचा वास लागला आहे आणि शिकार आणण्याचा हुकूम त्याने बहिणीला दिला आहे. ती येते, भीमाला पाहते आणि मनाशी हिशेब मांडते: यांना खाल्ले तर माझी व भावाची तृप्ती घटकाभराची, न खाल्ले तर माझे सुख वर्षानुवर्षांचे. प्रेमाचा इतका प्रामाणिक उगम मी दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही. भूक नाहीशी होत नाही. ती तराजूत घातली जाते आणि हलकी ठरते. नंतर ती सुंदर रूप घेऊन भीमासमोर उभी राहते आणि काहीही न लपविता सांगते की, मी राक्षसी आहे, मला भावाने तुम्हाला मारण्यासाठी पाठविले आहे आणि मला तू हवा आहेस. भाऊ मारला गेल्यावर भीम तिलाही त्याच वाटेने पाठवू पाहतो. युधिष्ठिर त्याला आवरतो. आणि मग ती कुंतीसमोर हात जोडून म्हणते की, या बाबतीतले स्त्रियांचे दुःख तुम्ही जाणता, मी आप्त सोडले, स्वधर्म सोडला, आता मला अव्हेरू नका. राक्षसविवाहाच्या व्याख्येतील प्रत्येक शब्द येथे फिरला आहे. आप्त मेला आहे तो मागणी घालणारीचा. बळ तिच्यापाशी आहे आणि विनवणीही तीच करते.

यावर युधिष्ठिराने जो करार केला तो कोणत्याही दिवाणी कारभाऱ्याला शोभेल असा आहे. भीमाचे स्नान व नित्यकर्म आटोपल्यावर सूर्यास्तापर्यंत तिने त्याच्याबरोबर वाटेल तेथे विहार करावा, रात्री मात्र त्याला नेमाने परत आणून पोहोचवावे. शिवाय भीमाची स्वतःची शर्त अशी की, पुत्र होईपर्यंतच ही मुदत. निशाचरीला दिवस दिला आणि रात्र काढून घेतली! तिची दृष्टी, तिचे बळ, तिची माया ज्या प्रहरांत बहरात येते, ते प्रहर जप्त करून, ज्या प्रहरांत तिला आपले मूळ रूप आवरूनच वावरावे लागेल ते तेवढे तिच्या पदरात टाकले. धर्मराजाला हे सुचले नसेल असे मानणे कठीण आहे. आमच्या भागात अलीकडे बिबट्यांनी उसात घरे केल्यापासून शेतकऱ्यांचे एकच मागणे असते, पंपांना वीज दिवसा द्या, रात्रीचे पाणी धरायला जाववत नाही. दिवस माणसाचा, रात्र श्वापदाची, ही जुनी वाटणी आहे आणि ती मोडली की दोन्ही पक्षांची कुचंबणा होते. हिडिंबेने ही वाटणी स्वतःविरुद्ध मोडून घेतली, करार अक्षरशः पाळला आणि मुदत संपल्यावर, पुत्र पदरात पडताच, एका शब्दाचीही तक्रार न करता ती निघून गेली.

तिच्या रूपांतराबद्दल मात्र माझी व्यासांशी तक्रार आहे. तिने सुंदर व्हावे असे कोणी तिला सांगितले होते? भीमासारख्या, ज्याच्या आहाराला सीमा नव्हती आणि ज्याला वृकोदर म्हणत, त्या पुरुषाला तिचे मूळ रूप पेलले नसते असे मला वाटत नाही. व्यासांनाही ते खटकले असावे, कारण पुत्र जन्मला तो सारा आईच्या मूळ रूपावर गेला: विद्रूप मुखाचा, प्रचंड देहाचा, घटासारख्या केशहीन मस्तकाचा. आईने दिवसभर जे झाकले ते मुलाने उघड केले. पुढे या घटोत्कचाला माणसांनी कसे वापरले हे सर्वविदित आहे. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती युद्धाच्या चौदाव्या रात्री त्याच्यावर खर्ची पडली, पांडव रडू लागले आणि कृष्ण आनंदाने नाचला. वर म्हणाला की, कर्णाने याला मारले नसते तर मलाच कधीतरी मारावे लागले असते. हेच पात्र मराठी रंगभूमीवर अवतरले ते अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'संगीत सौभद्रा'त, आणि तेथे त्याच्याकडे आलेले काम काय, तर झोपलेल्या सुभद्रेला उचलून अरण्यात आणून ठेवणे. विवाह अर्जुनाचा, बेत कृष्णाचा, उचलण्याची हमाली राक्षसाची. प्रेक्षक हसतात, मीही हसलो आहे, पण राक्षसविवाहाची याहून नेमकी टीका मी पाहिलेली नाही.

आता कोणी म्हणेल की, हे सारे पुराणांतले झाले. आपल्या घराघरांत, बायकांच्या तोंडी जे वाङ्मय होते त्यात अमानुष प्राण्यावर प्रेम करणारी स्त्री आहे काय? आहे, आणि तिचे प्रेम फार निराळ्या जातीचे आहे. नागपंचमीच्या कहाणीतील धाकटी सून आठवावी. श्रावणात साऱ्या जावा आपापल्या माहेरी, आजोळी गेल्या. हिला कोणीच नाही, म्हणून ती म्हणते, माझे माहेर नागोबा. शेषाला दया येते, तो ब्राह्मणाच्या वेषाने तिला न्यायला येतो आणि फणीवर बसवून पाताळात घेऊन जातो. तेथे नागीण प्रसूत होताना हिच्या हातचा दिवा भिऊन पडतो, पिलांच्या शेपट्या भाजतात. पुढे ती पिले मोठी होऊन सूड घ्यायला येतात, तो ही पाटावर नाग काढून, दूधलाह्या ठेवून त्याच भावांचे कुशल मागत बसलेली असते, आणि त्यांचा राग जातो. जगातल्या पुष्कळ कथांत नाग स्त्रीकडे पती होऊन येतो, या कहाणीत तो मुराळी होऊन येतो. आठव्यानवव्या वर्षी सासरी गेलेल्या मुलीच्या कल्पनेला परका पुरुष कमी नव्हता; तो तिला विनासायास मिळालेलाच होता, विचारल्याशिवाय. तिला हवे होते ते न्यायला येणारे कोणीतरी, मग त्याला फणा का असेना.

नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ सालच्या 'मंजुघोषा' या अद्भुतरम्य कादंबरीच्या प्रस्तावनेत अशा आशयाची तक्रार केली आहे की, आपल्या हिंदू लोकांच्या विवाहपद्धतीमुळे व इतर कारणांमुळे आपल्या आयुष्यात कादंबरीकाराच्या उपयोगी पडेल असे चटकदार काही सापडत नाही. त्याआधी अकराच वर्षे बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटना'त त्याच विवाहपद्धतीतून विधवांच्या दुःखाची अखंड मालिका शोधून काढली होती, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी रिसबुडांच्या स्वतःच्या घरात दर श्रावणात ती धाकटी सून आणि तिचा नागोबा येऊन जात असणार. ते त्यांनी ऐकले नाही असे नव्हे. ते कादंबरीचे द्रव्य आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही.

पुतणीचे म्हणणे असे की, मराठीत या जातीची कादंबरी यावी. माझा विरोध नाही. खांडेकरांनी १९५९ साली ययातीला आणि शिवाजी सावंतांनी १९६७ साली कर्णाला बोलते केले, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला अशा पुरुषांची आत्मनिवेदने ऐकण्याची आपल्या वाचकांना तेव्हापासून चांगली सवय आहे. माझी मागणी एवढीच की, जो कोणी हिडिंबेवर लिहील त्याने तिच्या दिवसांवर फार शाई खर्च करू नये. ते रमणीय पर्वत, ती सरोवरे, ते विहार व्यासांनी वर्णिले आहेत. सूर्यास्ताला भीमाला भावांच्या तळावर पोहोचवून ती माघारी फिरते तेथून लेखणी धरावी. अंधार पडला की ती आपले मूळ रूप घेते काय, आता भावाविना रिकाम्या झालेल्या त्या अरण्यात काय खाते, माणसाचा वास आला तर काय करते, आणि पहाटे पुन्हा ते मानवी रूप अंगावर चढविताना तिला किती वेळ लागतो, हे मला वाचायचे आहे. मुखपृष्ठावर प्रकाशकाने शिंगे छापली तरी चालतील.