खानदेशातला मारेकरी

प्रवासवर्णन लिहायचे तर लोक काश्मीरला जातात, नाही तर युरोपला. मी जळगावला गेले आणि तिथून धुळ्याला. तेही तोंडी परीक्षेच्या कामाने, ऐन जानेवारीत, एका हातपिशवीनिशी. तेव्हा या लेखात बर्फ नाही, शिकारे नाहीत, ही कल्पना वाचकांना आधीच दिलेली बरी. एक मारेकरी मात्र आहे.

नागपूरकडून येताना भुसावळ मागे पडले की भादली नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. मोठ्या गाड्या त्याची दखल न घेता पुढे निघून जातात. १९१८ साली याच ठिकाणी बालकवी रेल्वेखाली गेले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी नव्हती. मराठी शिकवणाऱ्या माणसाला भादली स्टेशन डोळे मिटून ओलांडता येत नाही. खानदेशाचे हे असे आहे. बालकवी धरणगावचे, बहिणाबाई आसोद्याच्या, भालचंद्र नेमाडे सांगवीचे, आणि साने गुरुजी कोकणातले खरे, पण मास्तरकी केली ती अमळनेरला. वर्गात ही नावे मी मोठ्या अभिमानाने घेते. मला पहिल्यांदा वाचनाचे वेड लावले तेही याच खानदेशाने. पण ते ज्या पुस्तकांनी लावले त्यांची नावे मी कधी वर्गात घेतली नाहीत. ती कोणती, ते धुळे आल्यावर सांगते.

जळगाव हे सोन्याचे आणि केळीचे गाव. सराफ बाजारातून चालताना आपल्या गळ्यातल्या मंगळसूत्राचे वजन उगीचच कमी वाटू लागते. १८७७ साली सुरू झालेले वल्लभदास वालजी वाचनालय याच गावात आहे. सोने मोजणाऱ्या गावाने दीडशे वर्षे पुस्तकेही मोजली, याचे मला कौतुक वाटते. परीक्षेचे काम आटोपल्यावर तिथल्या एका सहकारी बाईंनी घरी जेवायला नेले. थंडीतले भरीत होते. काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी, लांबट वांगी लाकडी भांड्यात कुटायची, त्यात हिरवी मिरची, शेंगदाणे आणि पातीचा कांदा घालायचा. सोबत कळण्याची भाकरी. दोन घास झाले आणि डोळ्यांतून पाणी आले. बाई म्हणाल्या, "तिखट झालं का हो?" मी म्हटले, "नाही, आजोळ आठवलं." दोन्ही खरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एस.टी. धरली. सुमारे नव्वद किलोमीटरची वाट. पाळधी मागे पडले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची वाळलेली शेते सुरू झाली आणि मला जरा डुलकी लागली. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला :

"पैसे पोचल्याशिवाय तो कामाला हात लावत नाही."

"आणि एकदा पैसे घेतले, की समोरचा माणूस मेलाच म्हणून समज."

माझी झोप उडाली. शेजारच्या आजीबाईंनी मांडीवरची पिशवी छातीशी धरली.

"बंदूक कोणती वापरतो?"

"एम सोळा. पण तू त्याच्या पाठीमागे चुकूनसुद्धा उभा राहू नकोस. ते त्याला अजिबात खपत नाही."

दांडीला धरून उभे असलेले एक टोपीवाले गृहस्थ हे ऐकून हळूच दोन पावले पुढे सरकले. कंडक्टरने तिकिटे फाडायची थांबवली. शेवटी आजीबाईंनीच धीर केला. मागे वळून त्यांनी विचारले, "कोणाला मारलं रे भाऊ?"

मागे विशीतली दोन मुले बसली होती. एक उंच, एक चष्मेवाला. दोघेही जळगावला शिकणारे. ती आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की टोपीवाल्या गृहस्थांनाही हसावे लागले. खून कोणाचाच झाला नव्हता. चर्चा चालली होती ती एका जपानी चित्रकथेची.

'गोल्गो १३' हे तिचे नाव. एरंडोल येईपर्यंत मुलांनी मला तिचा सगळा इतिहास ऐकवला. ताकाओ साइतो नावाच्या चित्रकाराने १९६८ साली ती 'बिग कॉमिक' या नियतकालिकात सुरू केली आणि ती अजून चालू आहे. नायकाचा धंदा म्हणजे पैसे घेऊन माणसे मारणे. ड्यूक तोगो हे नाव तो लावतो; पण ते खरे की खोटे, तो मूळचा कुठला, आईबाप कोण, हे पन्नासहून अधिक वर्षांत वाचकाला कळलेले नाही. कोणत्याच देशाशी त्याचे नाते नाही. अमेरिकेचे हेर त्याला काम देतात आणि रशियाचेही. २०२१ सालच्या जुलैत या कथेचा दोनशेएकावा खंड निघाला आणि एकाच चित्रमालिकेच्या सर्वाधिक खंडांचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला. इंग्रजीत त्यांतल्या निवडक कथांचे थोडेच खंड आले. ही मुले ते मोबाइलवर वाचत होती. जपानी परराष्ट्र खात्याने परदेशी जाणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना सुरक्षिततेचे धडे द्यायला २०१७ साली याच मारेकऱ्याला गुरुजी केले, हे ऐकून तर मी चाटच पडले.

दोघांचा खरा वाद वेगळाच होता. विक्रमानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये साइतो वारले. आपल्यामागेही कथा चालू राहावी ही त्यांची इच्छा होती, म्हणून त्यांच्या चित्रशाळेतली माणसे ती पुढे काढत राहिली. उंच मुलाचे म्हणणे असे, की लेखक गेला तेव्हाच नायकानेही जायला हवे होते. चष्मेवाला म्हणत होता, "नायक लेखकाचा थोडाच असतो? तो वाचकांचा असतो."

हे भांडण मी पूर्वी ऐकले होते. जपानचे नाव नव्हते, मोबाइल नव्हता, आणि भांडणारे होते माझे मामा.

उंच मुलगा पारोळ्याला उतरला. चष्मेवाला धुळ्याचाच निघाला. उतरताना मी त्याला म्हटले, "तासभर वेळ आहे का रे? तुला एका माणसाला भेटवायचं आहे."

धुळे हे मोठे शिस्तीचे गाव. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने ते आखले. जुन्या भागातल्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. आणि कागदावर या गावाची मोठी माया. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस इथेच वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जमवलेले कागद सांभाळायला राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकरराव देवांनी मठामठांतून गोळा केलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. गुरुजींनी लिहून घेतले नसते, तर ते शब्द भिंतींतच राहिले असते.

अशा गावात एका गल्लीत माझे मामा राहतात. त्यांच्याकडेही कागद आहेत. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथा. लोखंडी पलंगाखाली चार पत्र्याच्या पेट्या भरून.

हेच माझे लपवलेले वाङ्मय. मे महिन्याच्या सुट्टीत चार आणे रोजाने पुस्तके देणाऱ्या दुकानातून मामा आणत आणि रात्री गच्चीवर आम्ही भाचरे वाचत असू. झुंजार आणि विजया, काळा पहाड, धनंजय आणि छोटू, कॅप्टन दीप. मामा गिरणीत कारकून होते. दिवसभर आकडे लिहून आले की रात्री ते मित्रांशी वाद घालत : झुंजार मोठा की काळा पहाड? बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि १९९६ साली ते गेले, तेव्हा मामांनी त्या दिवशी दाढी केली नाही. मी हसले होते.

पण खरे हसले ते पुढे. एम.ए. झाल्यावर मी पेढे घेऊन धुळ्याला आले. मामांनी मोठ्या हौसेने पेटी उघडून विचारले, "आता तू शिकलीस. आमच्या बाबूरावांचं स्थान काय, सांग बरं." आणि चार पाहुण्यांच्या देखत मी म्हणाले, "मामा, याला साहित्य म्हणत नाहीत." मामांनी पेटी बंद केली. त्यानंतर त्यांनी माझी विचारपूस केली, साडी-चोळी केली, सगळे केले. पुस्तकाचा विषय मात्र पुन्हा काढला नाही. वीस वर्षे झाली. मागच्या महिन्यात मामीचा फोन आला. मामांना आता वाचता येत नाही, मोतीबिंदू काढूनही नजर आली नाही, आणि पेट्या रद्दीत द्यायच्या म्हणतात. म्हणून तर ती तोंडी परीक्षा मी मागून घेतली होती.

मामा ओसरीवर बसले होते. पावलांवरून त्यांनी मला ओळखले. "ये, बाई. आणि हा कोण?"

"तुमच्यासारखाच एक आहे," मी म्हटले.

पुढचा तासभर मला कोणी विचारले नाही. मुलगा सांगत होता, मामा ऐकत होते. मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "पैसे घेऊन मारतो, मग नायक कसला? आमचा काळा पहाड कायदा मोडायचा, पण गरिबाला नाही नाडायचा."

"नाडत हाही नाही, आजोबा. दिलेला शब्द मोडत नाही. आणि सगळं जग खोटं बोलत असतं तेव्हा हा एकटाच खरं वागतो."

"हं," मामा म्हणाले. "शब्द पाळतो. पण कोणासाठी पाळतो, ते पाहिलं पाहिजे." मग थोडे थांबून, "लेखक गेल्यावरही लिहितात म्हणतोस? बरं आहे त्यांचं. आमच्या बाबूरावांबरोबर बाबूरावांच्या हातचा झुंजार गेला. मग आम्ही मित्रच ओट्यावर बसून पुढची गोष्ट रचायचो. आता मित्रही गेले."

चष्मेवाल्याला काय वाटले कोण जाणे. तो उठला आणि पलंगाखालची पेटी ओढू लागला. मी आत जाऊन पाणी प्याले. राजवाड्यांनी ज्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली, तीही कोणाच्या तरी घरची अडगळच होती, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल!

बाहेर आले तेव्हा मुलगा एकेका पुस्तकाचे नाव मोठ्याने वाचत होता आणि मामा ते कुठल्या साली, कुठल्या दुकानातून आणले ते सांगत होते. कितीतरी मुखपृष्ठे गळाली होती. "मामा," मी म्हटले, "पेट्या मी नेते. सगळ्या. तेव्हा मी बोलले ते चुकलं होतं."

मामांनी हातातले पुस्तक चाचपडत माझ्याकडे केले. "न्यायचं मग बघू. आधी हे वाच."

मी वाचू लागले. बाहेर अंधार पडला. चष्मेवाल्याच्या घरून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा त्याने "येतो, येतो" म्हणून बंद केला. मामी दिवा लावून गेली. तिसऱ्या प्रकरणावर मामांनी हात वर करून मला थांबवले.

"बाई, तू प्राध्यापक आहेस ना? मग इतक्या घाईनं काय वाचतेस? खुनी कोण ते मला ठाऊक आहे. त्या पोराला नाही."