तिकिटाचे हरीण

गंगाखेडहून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जावयाचे तर आधी परभणी गाठावी लागते आणि तेथून जालनामार्गे आगगाडी. गेल्या जानेवारीत आम्ही चौदा मुलांना घेऊन याच वाटेने सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालय पाहावयास गेलो. मुले पहाटे तीनपासून जागी होती. बहुतेकांनी वाघ पाठ्यपुस्तकाखेरीज कोठेही पाहिलेला नव्हता; आणि खरे सांगावयाचे तर, वाचकहो, आमचीही उत्सुकता त्यांच्याहून कमी नव्हती.

उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाजवळच आहे. सर्वांत अधिक गर्दी होती पांढऱ्या वाघापुढे. शेजारचे एक गृहस्थ आपल्या मुलांना छातीठोकपणे सांगत होते, की हा वाघ बर्फाच्या देशातून आणला आहे. आम्हांस राहवले नाही. १९५१ साली रेवाच्या जंगलात महाराजा मार्तंडसिंह यांना एक पांढरा बछडा सापडला. त्याचे नाव मोहन. आज ठिकठिकाणी दिसणारे पांढरे वाघ बहुतांशी त्याच्याच वंशातले. जात आपल्या पिवळ्या पट्टेरी वाघाचीच. रंग टिकावा म्हणून मात्र पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच संकर घडवला गेला आणि त्याची किंमत त्या मुक्या जनावरांनी व्यंगांच्या रूपाने मोजली. गृहस्थांनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि ते सहकुटुंब पुढच्या पिंजऱ्याकडे सरकले. जागा मिळेल तेथे प्रवचन करण्याची आमची खोड जुनीच आहे.

परके म्हटले की माणसाचे पाय थबकतात. मुंबईच्या राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी मुंबईच्या उकाड्यात काचेआडच्या थंडगार दालनात राहतात. ते पाहण्यासाठी लागलेल्या रांगेत आम्हीही घामाघूम होऊन उभे राहिलो होतो. तेव्हा दोष कोणाला द्यावा?

हरणांच्या कुंपणापाशी मात्र कोणी नव्हते. आमच्यातला एक दहा वर्षांचा मुलगा तेथे थांबला आणि ओरडला, "फादर, ह्ये तर आमच्या हरभऱ्यातलं हाय!"

काळवीट होता. काळीभोर पाठ, पांढरे पोट, मळसूत्री शिंगे. मुलाने हा प्राणी आजवर पाहिला होता तो केवळ विजेरीच्या झोतात, पळताना, पाठमोरा. येथे तो निवांत रवंथ करीत उभा होता. मुलगा बराच वेळ हलला नाही. मग हळूच म्हणाला, "त्याच्या डोळ्याभवती पांढरं हाय. म्हाईत नव्हतं."

या मुलाच्या बापाकडे दोन एकर रान आहे, तेही बटईचे. मागल्या हिवाळ्यात एका रात्री कळपाने निम्मा हरभरा शेंड्यांसकट खाल्ला. सकाळी ते रान आम्ही स्वतः पाहिले. बाप बांधावर बसला होता आणि बोलत नव्हता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला अभय दिले आहे, आणि ते योग्यच आहे. पिकाच्या हानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळण्याचीही सोय आहे. परंतु अर्जाला सातबारा लागतो, आणि सातबारा मालकाच्या नावावर. मालक पुण्याला. अर्ज लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. तो अर्ज अजूनही आमच्या टेबलाच्या खणातच आहे, हे सांगताना संकोच वाटतो.

सहलीनंतर तिसऱ्या दिवशी रात्री आम्ही त्या रानात गेलो. बाप माळ्यावर पत्र्याचा डबा घेऊन बसला होता. मुलाने त्याला वाघाचे सगळे सांगून झाले होते.

"फादर, हरणाला बी तिकीट व्हतं म्हनं?" बापाने विचारले.

"होते."

"अन्‌ हितं आमी रातभर बघतो, त्ये फुकट!" तो मनापासून हसला. आम्हीही हसलो, पण उशिराने.

मध्यरात्रीच्या सुमारास बांधापलीकडे डोळे चमकले. बापाने डबा मुलाच्या हाती दिला. मुलाने विजेरी रोखली. कळप थबकला, पुढचा नर मान वर करून उजेडाकडे पाहू लागला. मुलगा डबा हातात धरून तसाच उभा.

"आरं, वाजीव की!" बाप ओरडला.

मग त्याने डबा वाजवला.