लोनाडची वाट

भिवंडीचें नांव काढलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आणि गुदामांच्या रांगा एवढेंच बहुतेकांच्या मनांत येतें. केवळ पाहण्यासाठीं म्हणून तेथें जाणारा माणूस विरळाच. मीही तसा गेलों नव्हतों. मला घरच्या मंडळींनीं एका कामगिरीवर धाडलें होतें.

आमचा पुतण्या इतिहास घेऊन बी. ए. झाला व भिवंडीजवळच्या एका गुदामांत हिशेबाच्या कामावर लागला. कॉलेजांत असतांच त्याला वंशावळींचा नाद लागला होता. प्रथम आमच्या घराण्याची, मग आजोळची, मग स्नेह्यासोबत्यांच्या घराण्यांची, असें करतां करतां तो मोडी शिकला. आणि आतां नोकरी सोडून हाच व्यवसाय करीन म्हणून हटून बसला. आमच्या एकत्र कुटुंबांत यावरून मोठी खळबळ उडाली. "भाटगिरी करून कोणाचा संसार चालला आहे?" असें वडील बंधु म्हणाले. मुलांना समजावण्यांत माझें सारें आयुष्य गेलेलें. तेव्हां त्याचें मन वळविण्याचें काम साहजिकच माझ्याकडे आलें.

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं मी कल्याणास उतरलों, तों स्वारी स्टेशनावर हजर. "काका, आधीं लोनाड पाहूं, मग काय रागवायचें तें रागवा," असें म्हणून त्यानें मला रिक्षांत बसविलें. दुर्गाडीच्या किल्ल्याखालून खाडी ओलांडली. पुढें हमरस्त्याला मालमोटारींची दाटी व दुतर्फा गुदामें. तीं मागें पडलीं तेव्हां कापणी झालेलीं भातखाचरें दिसूं लागलीं व कानांस जरा विसांवा मिळाला.

वाटेंत मीं आपले मुद्दे मांडलेच. छंद म्हणून ठीक, पण त्यावर चूल कशी पेटावी? तो शांतपणें म्हणाला, "काका, त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या नांवांच्या वह्या सांभाळीत आले, त्यांची चूल पेटलीच ना? आणि २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां मोडी वाचणारीं माणसें कचेऱ्यांना हवींच होतीं." यावर मला रियासतकार सरदेसाई आठवले. बडोद्याची नोकरी १९२५ सालीं संपल्यावर त्यांनीं पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादिले, आणि 'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' हें त्यांचें पुस्तक १९५७ सालीं निघालें तेव्हां त्यांनीं नव्वदी ओलांडली होती. पण त्यांच्या पाठीशीं आधीं नोकरी झालेली होती, हें मीं त्याला बजावलें.

लोनाडास शिलाहारकालीन देवळाचे अवशेष आहेत. गांवकरी त्यास रामेश्वर म्हणतात. कोरीव दगड इतस्ततः पडलेले, कांहींवर शेवाळ चढून वाळलेलें. सांवलीच्या एका दगडावर आम्ही बसलों, तों त्यानें पिशवींतून कांहीं कागद काढले. "हें तुम्हीच वाचा. तुमचें संस्कृत माझ्यापेक्षां पक्कें."

तो शिलाहार राजा अपराजित याचा शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७ चा ताम्रपट होता. महामहोपाध्याय मिराशी यांनीं शिलाहारांचे लेख १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, त्यांत तो आहे. भिवंडी तालुक्यांतील भादाणें हें गांव या लोनाडच्याच लोणादित्य नामक सूर्यदेवास दिल्याचा हा लेख. मी वाचूं लागलों आणि थबकलों. दान देणारा शिलाहार. पण आरंभीं वंशावळ येते ती राष्ट्रकूटांची! ते शिलाहारांचे सार्वभौम खरे. परंतु त्यांचें राज्य तैलपानें इ. स. ९७३ मध्येंच बुडविलें होतें. लेखांत तेंहि नमूद आहे. कक्कलाचा पाडाव झाला आणि त्या वैभवाची केवळ आठवण उरली, असें तो स्पष्ट सांगतो.

"बुडालेल्या घराण्याचें नांव गाळलें असतें तर राजाच्या पदरच्या लेखकाला कोण विचारणार होतें?" पुतण्या म्हणाला. मग जरा थांबून त्यानें खरी हकीगत सांगितली.

एका घराण्यानें त्याला कुलवृत्तान्त लिहावयास सांगितला होता. जुन्या छापील वंशावळींत एका पूर्वजापुढें 'निःसंतान' असा शेरा होता. यानें तीर्थोपाध्यायांची वही पाहिली, तर तींत त्याच पूर्वजाच्या मुलाची नोंद निघाली, बापाचें व आजाचें नांव लिहून खालीं सही केलेली. त्या गृहस्थानें विधवेशीं विवाह केला म्हणून घरच्यांनीं त्याची शाखाच कागदावर संपविली होती! ती शाखा आजहि नांदती आहे. यजमानांना हें सांगतांच ते म्हणाले, "पुनर्विवाहाची आम्हांला मुळींच लाज नाहीं. पण इकडे जमिनीचे भाव कोठें गेले आहेत तें तुम्ही पाहतांच. तो शेरा आहे तसाच राहूं द्या." वर मेहनतान्यांत वाढ करण्याचीहि तयारी दाखविली.

"मग?"

"आगाऊ घेतलेले पैसे परत केले. दोन महिन्यांच्या पगाराएवढे होते."

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. या धंद्यांत पोट भरेल कीं नाहीं एवढीच चिंता घेऊन मी आलों होतों. यांत पोट भरण्याची एक सोपी वाट आहे, आणि ती ह्या मुलानें पाहून सोडली आहे, हें मला ठाऊक नव्हतें. पैसे घेऊन वंशावळ लिहिणारा आणि भाट यांच्यांतलें अंतर तेवढेंच असावें.

परततांना मीं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आणखी वर्षभर नोकरी सोडूं नये. रविवार व रजेचे दिवस या कामास द्यावे. दुसरी, पहिला रुपया घेण्यापूर्वीं यजमानाकडून लिहून घ्यावें कीं जें पुराव्यानें सिद्ध होईल तेंच छापलें जाईल. दोन्ही त्यानें कबूल केल्या.

घरीं येऊन वडील बंधूंना सर्व हकीगत निवेदन केली. ते कांहींच बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों माळ्यावरचा जुन्या कागदांचा रुमाल काढून त्यांनीं माझ्यापुढें ठेवलेला.

"आपल्या वंशावळींतहि एक नांव खोडलेलें आहे," ते म्हणाले. "कोणाचें, तें वडिलांना विचारायचा मला कधीं धीर झाला नाहीं. त्याला पाहूं दे."