खंड्याची 'ती' सवय
— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

हा अंक कुणी मेसच्या टेबलावर उघडला असेल तर आधी जेवून घ्या, मग वाचा. संपादक मंडळातल्या मित्रानं मला तीनदा विचारलं, "पाऊस, आई, मैत्री एवढे विषय पडलेत, तुला हाच सापडला का?" पण पाऊस, आई आणि मैत्रीवर बाकीचे लिहितीलच की. कुत्रं स्वतःचीच शी खातं आणि ते थांबवायचं कसं, यावर मात्र दुसरं कुणी लिहिणार नाही याची मला पक्की खात्री आहे. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी हे पाहिलेलं असतं. चारचौघांत बोलत कुणी नाही, एवढंच.

आमचं घर नरडाण्याला. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. धुळ्याहून शिरपूरला निघालात की मुंबई-आग्रा रस्त्यावर लागतं. सुरत-भुसावळ लाईनवर स्टेशन आहे, एमआयडीसी आहे, आणि त्यामुळे रात्रंदिवस ट्रक आहेत. आमच्या आधीच्या कुत्र्याला, मोत्याला, त्या हायवेनंच नेलं. म्हणून दीड महिन्याचा खंड्या घरी आला तेव्हा आबांनी पहिल्या दिवसापासून त्याला साखळीला बांधलं. निंबाच्या झाडाखाली, गोठ्याजवळ. साखळी चार-पाच फुटांची. तिथंच खाणं, तिथंच झोपणं आणि तिथंच बाकीचं सगळं.

खंड्या सात-आठ महिन्यांचा झाला तेव्हा वहिनींना ते पहिल्यांदा दिसलं. सकाळी त्या अंगण झाडायला निघाल्या, तर खंड्यानं शी केली, मागं वळला, वास घेतला आणि खाऊन टाकली. झाडू हातातच राहिला. नंतर लक्ष ठेवल्यावर कळलं की हा रोजचाच कार्यक्रम आहे. अंगण एवढं स्वच्छ कसं राहतं, याचं आम्हाला तोपर्यंत उगाच कौतुक वाटत होतं.

घरात दादाचा मुलगा आहे, सव्वा वर्षाचा. नुकताच चालायला लागलेला. त्याचं आणि खंड्याचं गूळपीठ. हा साखळीजवळ जाऊन बसतो, तो याचं तोंड चाटतो. मी परीक्षा संपवून होस्टेलवरून घरी गेलो त्याच दिवशी वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "भाऊजी, कुत्र्याशी माझं वैर नाही. पण हा ज्या तोंडानं ते खातो त्याच तोंडानं बाळाला चाटतो. जूनपर्यंत काय ते बघा. नाहीतर त्याला शेतात सोडू."

शेतात सोडणं म्हणजे काय, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. शेत हायवेच्या पलीकडे. रात्री वस्तीला कुणी नाही. सोडलेलं कुत्रं घराकडेच निघणार आणि मध्ये तोच रस्ता. वहिनींचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. आईच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. आजी तर माळकरी. तिनं एका वाक्यात निकाल लावून टाकला होता, "हाऊ कुत्रा मन्हा ओट्टावर नको."

मग सुरू झाले उपाय. आपल्याकडे सल्ल्याला कधी तोटा नसतो. काका म्हणाले, "मिरची टाक रे भो त्यावर." टाकली. खंड्या शिंकला, पाणी प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी मिरची पडायच्या आत आटोपून मोकळा झाला. (मिरची आधी टाकायची की नंतर, या मुद्द्यावर काकांकडे उत्तर नव्हतं.) कुणी लिंबू पिळा म्हणालं. शेजारच्या आप्पांनी बैलाचं मुसकं काढून दिलं. पण वैशाखात, 44 अंशांच्या उन्हात कुत्र्याचं तोंड बांधायचं म्हणजे त्याला धापायलाही बंदी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापूनच अंग थंड करतो. मुसकं परत दिलं. दादाचा उपाय होता काठी. खंड्या वास घ्यायला वळला की दादा ओरडत धावायचा, आणि खंड्या दुप्पट वेगानं गिळायचा. त्याच्या दृष्टीनं ही शर्यत होती आणि ती तो रोज जिंकत होता.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, व्हायवाला विचारणार नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाखेत बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर कुत्रेमालकांची मोठी पाहणी केली. 2018 साली ती प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे 16 टक्के कुत्री ही गोष्ट वारंवार करताना आढळली. म्हणजे सहातलं एक! ही कुत्री बहुतेक वेळा ताजी, दोन दिवसांच्या आतलीच शी खातात आणि मुळात खादाड असतात. बाजारात या सवयीवर मिळणाऱ्या 11 औषध-पावडरींबद्दलही मालकांना विचारलं होतं. यश 0 ते 2 टक्के! मेडिकलवाल्यानं सुचवलेली गोळी न घेता मी परत आलो तो हे वाचूनच.

पण मला त्यातलं 'का' जास्त आवडलं. हार्ट यांचा तर्क असा. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. लांडगा एरवी गुहेपासून दूर जाऊन मोकळा होतो, पण आजारी किंवा अशक्त जनावर जवळच घाण करणार. त्या शीत जंतांची अंडी असतात. ती बाहेर पडल्याबरोबर लागण करत नाहीत, तयार व्हायला काही दिवस जातात. तेवढ्यात ती शी कुणीतरी खाऊन टाकली तर गुहा स्वच्छ, पिल्लं सुरक्षित. हा तर्कच आहे, सिद्ध झालेला नियम नाही. पण आमच्या निंबाखालच्या चार-पाच फुटांत राहणाऱ्या खंड्याकडे पाहिलं की पटतो. ज्याला दूर जाताच येत नाही त्यानं आणखी काय करावं?

आणि कुत्रीण आई तर हे करतेच. गेल्या वर्षी आपल्या होस्टेलमागच्या पंपहाऊसमध्ये व्यायलेली ती पांढरी कुत्री आठवते का? वॉचमन मामा सांगत होते, पाच पिल्लं असून आत घाण कशी ती नाही. सुरुवातीचे साधारण तीन आठवडे आई पिल्लांना चाटून-चाटून शी-शू करायला लावते आणि ते स्वतःच खाते. पिल्लं बाहेरचं खायला लागली की थांबते. सश्याचं तर आणखी पुढचं. तो एक मऊ गोळी मुद्दाम खातो, कारण पहिल्या फेरीत न पचलेलं सत्त्व त्याला दुसऱ्या फेरीत मिळतं. थोडक्यात, शिसारी आपल्याला येते. जनावरांच्या जगात त्या भावनेचं कुणाला काही पडलेलं नाही.

पण बाळाचा प्रश्न खरा होता. म्हणून गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आधी ताजी शी डबीत घेऊन या. ती मिळवण्यासाठी पहाटे पाचला उठून खंड्याच्या आधी पोहोचावं लागलं. सबमिशनच्या रात्रीसुद्धा मी एवढा सावध नव्हतो. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जंतांची अंडी निघाली. मग खंड्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवाले काय देतस तुम्ही त्याले?"

मी सांगितलं. रात्री एकदा, दीड भाकरी, ताकात कुस्करून.

डॉक्टर काही बोलले नाहीत. वजनकाट्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी जे समजावलं ते असं. वाढतं कुत्रं आहे, त्याला दिवसातून दोनदा-तीनदा पोटभर हवं आणि नुसती भाकरी भागवत नाही, प्रथिनं आणि स्निग्ध हवं. पोटात जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही. भूक राहिली की कुत्रं जे सापडेल त्यातून ती भागवतं. काही कुत्र्यांत स्वादुपिंडाचा रस कमी पडतो, तेव्हा भरपूर खाऊनही कुत्रं वाळतं आणि शीकडे वळतं. तो आजार वेगळा, त्याची तपासणी वेगळी. स्टेरॉइडची औषधं चालू असली तरी भूक अशी सुटते. मोठ्या वयाच्या कुत्र्यानं अचानक ही सवय धरली तर घरगुती उपाय करत बसू नये, आधी दाखवावं. खंड्याला वजनाच्या हिशेबानं जंताचं औषध दिलं आणि काही आठवड्यांनी परत बोलावलं. बाळाबद्दल म्हणाले, कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीत पडून राहिली की धोका. गोलकृमीच्या अंड्यांना लागणीजोगं व्हायला दोनेक आठवडे लागतात. तेव्हा शी लगेच उचला, बाळाचे हात धुवा आणि तोंड चाटू देऊ नका.

म्हणजे उत्तर एकच निघालं. लगेच उचलली तर खंड्याला खायला मिळत नाही आणि मातीत जंतही राहत नाहीत. सोपं आहे ना? फक्त 'लगेच' म्हणजे कधी, हे कळायला हवं. मी एक जुनी जर्नलची वही काढली. खाण्याची वेळ, शीची वेळ, खाल्ली की नाही, असे तीन रकाने. आबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "यासाठी फी भरतो का आम्ही?" पण आठवड्यात वहीनं दाखवलं की जेवण ठरल्या वेळी दिलं की शी बहुतेकदा 15 ते 35 मिनिटांत. पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, माणसांचंही तेच आहे. (होस्टेलला सकाळच्या चहानंतरची रांग आठवा.)

मग वेळापत्रक ठरलं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला जेवण. भाकरी राहिली, पण तिच्यात घट्ट डाळ आणि दही आलं. अंड्यावरून घरात दोन दिवस वातावरण तापलं. शेवटी असं ठरलं की अंडी घरात येणार नाहीत. गोठ्यामागं तीन विटांची चूल, खंड्याचं वेगळं भगोनं, आणि उकडायचं मी. आजी त्या बाजूला बघत नसे, पण "झायं का रे?" असं विचारायची.

जेवणानंतर वीस मिनिटांनी पट्टा लावून स्टेशनच्या बाजूला फेरी, हायवेच्या उलट दिशेला. खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. त्यानं शी केली की ओरडायचं नाही, ओढायचं नाही. आनंदानं हाक मारायची. माझ्याकडे वळला की तुकडा. तो तुकडा खातोय तोवर दुसऱ्या हातानं खुरप्यानं उचलायचं, खड्ड्यात टाकायचं, वर माती. पहिले चार दिवस त्याला माझ्यापेक्षा मागचा माल प्रिय होता. मग एके सकाळी शी झाली आणि मी हाक मारायच्या आत तो वळून माझ्या खिशाकडे बघायला लागला. एवढा आनंद मला एम-थ्री सुटल्यावरही झाला नव्हता.

राहिली साखळी. ती मात्र आपल्या शाखेची गोष्ट. निंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत 11 मीटर जाड तार डोक्याच्या उंचीवर ताणली, तारेत लोखंडी कडी ओवली आणि साखळी कडीला. दोन्ही टोकांच्या अलीकडे तारेला क्लॅम्प मारले, म्हणजे कडी तिथंच अडते आणि साखळी झाडाला गुंडाळत नाही. पट्ट्याजवळ फिरकी टाकली, नाहीतर साखळीला पीळ बसतो. आता खंड्या अंगणभर धावतो, पण फाटकापर्यंत पोहोचत नाही. त्याचं झोपायचं टोक वेगळं झालं, घाण करायचं वेगळं. दुपारी चघळायला जुन्या दोराची गाठ दिली, कारण रिकामं कुत्रंही रिकाम्या विद्यार्थ्यासारखंच असतं.

वहीतला हिशेब सांगतो. पहिल्या आठवड्यात त्यानं 9 वेळा खाल्ली, दुसऱ्यात 6, तिसऱ्यात 2. पाचव्या आठवड्यात एकदाही नाही. सहाव्यात सगळे लग्नाला गेलो, संध्याकाळची फेरी चुकली आणि परत आलो तर अंगण संशयास्पद स्वच्छ. नेमकं कशानं जमलं? जंताच्या औषधानं, डाळ-अंड्यानं, तारेनं की उचलण्यानं? एका वेळी एकच व्हेरिएबल बदलावा असं लॅबमध्ये शिकवतात, पण लॅबला वहिनींची जूनची मुदत नसते. मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त श्रेय उचलण्याला. सवय मेली आहे असं मी म्हणत नाही. तिला संधी मिळत नाही, इतकंच. हार्ट यांचे आकडे वाचल्यावर याहून मोठा दावा करायची माझी हिंमत नाही.

जून आला, कॉलेज सुरू झालं. खंड्याला घेऊन कुणी शेताकडे निघालं नाही आणि त्यावर कुणी बोललंही नाही. सकाळची फेरी आबा करतात, संध्याकाळची वहिनी. बाळाला लांब बसवून, हात धुऊन, सगळं रीतसर. मी होस्टेलवर जेवत असतानाच वहिनींचा मेसेज येतो. तो उघडताना समोरच्यांना मी स्क्रीन दाखवत नाही. काल आला होता, "7:22. उचललं. अंडं संपलंय, शनिवारी येताना आणा." आजीनं अजून त्याला ओट्ट्यावर घेतलेलं नाही. पायरीपर्यंत चालतं.