ताण

मार्चमध्ये अंगणातला बहावा पानं गाळायला लागला की येणारे-जाणारे विचारतात, ‘झाड वाळलं का हो?’ मी नाही म्हणते, आणि नळाकडे जात नाही. एवढं शिकायला मला आठ वर्षं लागली.

हे झाड मी बियांपासून वाढवलंय. साताऱ्याजवळच्या एका डोंगरउतारावर पिकलेली शेंग सापडली होती. हातभर लांब, काळीभोर, हलवली की वाजणारी. ती फोडली की आत नाण्यांची चळत रचावी तसे आडवे कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्यात एक चपटं तपकिरी बी आणि त्याभोवती चिकट काळा मगज. बी इतकं कठीण की नखाचा ओरखडाही उठत नाही. रानात माकडं, कोल्हे, अस्वलं मगजासाठी शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून बी पुढे जातं. मी पॉलिश पेपर घेतला. वीस बियांपैकी दहा एका टोकाला आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासल्या, दहा तशाच ठेवल्या आणि सगळ्या रात्रभर कोमट पाण्यात टाकल्या. सकाळी घासलेल्या बिया टम्म फुगल्या होत्या. न घासलेल्या खड्यासारख्या तळाशी बसून होत्या. फुगलेल्या बिया उंच पिशव्यांत लावल्या, कारण बहाव्याचं सोटमूळ पहिल्यापासून खाली धाव घेतं. आखूड पिशवीत ते गुंडाळी करून बसतं, आणि अशा रोपाला पुढे जमिनीतही नीट पाय रोवता येत नाहीत.

2011 च्या जूनमध्ये त्यातलं एक रोप भिंतीपासून पंधरा फुटांवर लावलं. आमची जमीन मुरमाड. दोन फुटांचा खड्डा, त्यात निघालेलाच मुरूम, माती आणि दोन घमेली शेणखत. पाणी साचत नसलं की बहाव्याला एवढं पुरतं. पहिले दोन उन्हाळे मात्र रोपाला पाणी द्यावंच लागतं. ते मी दिलं, आणि तिसऱ्या, चौथ्या, सातव्या उन्हाळ्यातही देत राहिले. झाड छपराच्या वर गेलं. पानं हिरवीगार, ऐन मार्चमध्येही अर्धी टिकून. फूल मात्र एकही नाही. रस्त्यापलीकडच्या पडक्या वाड्यात कुणी ढुंकूनही न पाहिलेला बहावा दर मे महिन्यात पिवळाधमक व्हायचा.

माझं माहेर सांगोल्याकडचं. घरची डाळिंबाची बाग. आंबे बहार धरायचा असला की वडील पावसाळ्यानंतर बागेचं पाणी तोडत. त्यालाच ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडत, गळत. वडील रात्री बॅटरी घेऊन बागेतून फेरी मारत, फांद्या चाचपून बघत. पण मोटार चालू करत नसत. महिना-दीड महिन्याने छाटणी, खत आणि मग पहिलं पाणी. थोड्याच दिवसांत बाग लाल कळ्यांनी भरून जाई. हे लहानपणापासून पाहिलेलं असूनही दारातल्या झाडापाशी मी विसरले. वडील एकदा राहायला आले, बुंध्याशी ओलं आळं बघून म्हणाले, ‘पोरी, ह्याला अजून तान्हं समजतेस होय? तोड पाणी.’

त्या वर्षी दिवाळीनंतर मी आळं मोडलं. फेब्रुवारीत पानं पिवळी पडली, मार्चअखेर झाड उघडं झालं. एप्रिल सरताना जुन्या फांद्यांच्या पेरांवर हिरवे मणी दिसले आणि मे उजाडता उजाडता ते घोस होऊन लोंबू लागले. झाडाचं वयही तोवर झालंच असेल, सगळं श्रेय मी ताणाला देत नाही. पण त्यानंतर एकाही वर्षी ते फुलायचं राहिलेलं नाही.

आता मे महिन्यात सकाळी मी एकच घोस धरून बघत बसते. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. त्यातले तीन लांब, आकड्यासारखे वळलेले, चार मध्यम, तीन अगदी बारके. या फुलात मध नाही, पाहुणचार परागांचाच. काळा भुंगा येतो, मधल्या चार केसरांना मिठी मारतो आणि अंग थरथरवतो. त्याचं गुणगुणणं एकदम बारीक, तीव्र होतं आणि पराग झडतात. ते त्याचं खाणं. त्याच वेळी लांब केसरांचे पराग त्याच्या अंगाला चिकटतात आणि दुसऱ्या फुलाकडे जातात. एवढा नेमका व्यवहार त्या झुंबरात चाललेला असतो.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या पडतात. एके वर्षी मी कडुनिंबाचा अर्क फवारला होता. नंतर कळलं, त्या ‘कॉमन एमिग्रंट’ फुलपाखराच्या अळ्या. फिकट पिवळसर पंखांची ती फुलपाखरं अंगणात यावीत म्हणून मी घाणेरीच्या कुंड्या मांडत होते आणि त्यांची पिलं स्वतःच्या हाताने मारत होते. आता फवारत नाही. अळ्या खातात, झाड पुन्हा पालवतं. छाटणीही फुलं झाल्यावर, वाळक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपुरतीच.

या मातीतलं झाड वाढवताना हात कुठे चालवायचा हे शिकावं लागतंच; पण हात कुठे आवरायचा, हे त्याहून अवघड. बहाव्याला उन्हाळा ठाऊक आहे. तो माझ्या आधीपासून, शेकडो पिढ्या, याच कोरड्या डोंगरांवर राहत आला आहे.

वडील आता नाहीत. मार्चच्या संध्याकाळी तुळशीला पाणी घालून रिकामी बादली घेऊन मी बहाव्याखाली जाते, फांदी चाचपते. उघडी असते, पण आत ओल लागते. मग मी घरात येते.