उजेड कुठे पडला?

दसरा झाला की आमच्या कराडच्या दुकानात हेडलाइटची कामं वाढतात. पावसाळ्यात दिव्यात पाणी शिरलेलं असतं, होल्डर गंजलेले असतात, आणि समोर उसाचा हंगाम असतो. कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून येतात, बैलगाड्या येतात. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. साठच्या वेगानं येणाऱ्याला ती ट्रॉली अगदी बोनेटजवळ आल्यावर दिसते. असा एखादा प्रसंग निभावला की दुसऱ्या दिवशी माणूस दुकानात हजर. "अण्णा, उजेडच पडंना बघा. एलईडी टाकून द्या."

त्याची गरज खरी असते, म्हणूनच मी लगेच खोकं उघडत नाही. आधी त्याच्या गाडीतला जुना बल्ब काढून त्याच्या हातात देतो. बुडाकडून धरायचा, क्वार्ट्झच्या काचेला बोटांचं तेल लागलं तर तापल्यावर नेमकी तीच जागा दगा देते.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच-४ असतो. गाड्यांसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, एच-१, युरोपात १९६२ साली आला. एच-४ १९७१ चा. एकाच काचेत दोन फिलामेंट बसवण्याची करामत त्यात आहे, ५५ वॅटची डिपरची आणि ६० वॅटची अप्परची. डिपरची फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूच्या थोडी पुढे असते, आणि तिच्या खाली पत्र्याचा नखाएवढा कप असतो. हा कप कशाला, हे विचारणारं गिऱ्हाईक मला फार क्वचित भेटलं. त्या फिलामेंटचा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडला तर परतून खाली रस्त्यावर येतो. खालच्या अर्ध्यावर पडला तर वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून कपानं खालची वाट अडवलेली असते. त्याची एक कड १५ अंशांनी तिरकी कापलेली असते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतो, तेव्हा उजेडाची रेघ उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे चढते. साइडपट्टीवरून चालणारा माणूस, मैलाचा दगड, उभी ट्रॉली दिसते ती त्या चढामुळे. ही सगळी अक्कल एका पत्र्याच्या तुकड्यात आहे.

फिलामेंट म्हणजे काही मिलिमीटर लांबीची बारीक गुंडाळी, चहूबाजूंनी उजळणारी. रिफ्लेक्टरचा एकेक पैलू तिची जागा धरून आखलेला असतो. ती अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी रस्त्यावर फरक दिसतो. आता तिथे एलईडी बल्ब घाला. त्यात एका पट्टीच्या दोन बाजूंना चौकोनी चिप असतात. त्या डावी-उजवीकडे उजळतात, वर-खाली फारसं काही देत नाहीत, आणि दोन्हींच्या मध्ये पट्टीची जाडी येते. रिफ्लेक्टर मात्र जुनाच. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातल्यासारखं होतं. काच उत्तम असेल, पण ती आपल्या डोळ्यासाठी घासलेली नाही.

सांगून कुणाला पटत नाही, म्हणून मी दाखवतो. दुकानाशेजारी एका गोडाऊनची लांबलचक पांढरी भिंत आहे. मागे एक तरुण पोरगा हॅचबॅक घेऊन आला होता. बल्ब त्यानं ऑनलाइन मागवलेले, फक्त बसवून हवे होते. संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी भिंतीपासून १० मीटरवर सपाट जागेत लावली, टायरची हवा पाहिली, त्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं. हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची आडवी रेघ मारली. डाव्या दिव्यात हॅलोजन ठेवला, उजव्यात त्याचा एलईडी घातला, आणि एकावर फडकं टाकून दुसरा पाहिला. हॅलोजनचा उजेड पिवळट, पण खडूच्या रेघेखाली वीतभर अंतर ठेवून सुरीनं कापल्यासारखा थांबत होता आणि डाव्या टोकाला वर चढत होता. एलईडीचा पांढराशुभ्र. रेघेच्या वर मात्र धूसर पट्टा पसरला होता, खाली दोन ठिकाणी झगझगीत डबकी साचली होती, आणि जिथे सगळ्यात जास्त उजेड हवा तिथे, रेघेच्या लगत मधोमध, काळपट फट. लांबचा रस्ता दिसतो तो त्याच जागेवरच्या उजेडानं. पोरगा खाली उतरला, भिंत पाहिली आणि म्हणाला, "पण पांढरा आहे की!"

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. एलईडीनं गाडीपुढचे पहिले दहा-पंधरा मीटर न्हाऊन निघतात आणि माणूस खूश होतो. पण डोळ्याची बाहुली त्या जवळच्या उजेडाला सरावते, लहान होते, आणि ऐंशी मीटरवरचा काळा ट्रॉलीचा पाटा आणखी काळा होतो. म्हणजे उजेड वाढला आणि नजर आखडली. गाडी चालवणाऱ्याला हे कळत नाही, कारण न दिसलेली वस्तू न दिसल्याचं कळायला काही मार्गच नसतो.

खोक्यावरचे आकडे हा तर स्वतंत्र विनोद आहे. '२०,००० लुमेन' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं. प्रमाणित एच-४ डिपरवर सुमारे १,००० लुमेन देतो आणि अप्परवर १,६५०. चांगली एलईडी वॅटमागे १०० ते १५० लुमेन देते. वीस हजार हवे असतील तर जोडीनं १३३ ते २०० वॅट वीज खाल्ली पाहिजे. मी अँमीटर लावतो तेव्हा जोडी पन्नास वॅटच्या आसपास असते. बाकीचे लुमेन छापखान्यातच राहिलेले.

उष्णतेचाही घोळ आहे. हॅलोजन बरीचशी उष्णता पुढे फेकतो. एलईडीची उष्णता चिपच्या पाठीमागे साचते, म्हणून बल्बच्या बुडाला धातूची पाती आणि भिंगरीएवढा फिरता पंखा असतो. हा सगळा पसारा बसवला की दिव्यामागचं रबरी टोपण लागत नाही. कुणी ते कापतो, कुणी काढूनच टाकतो, आणि पुढच्या पावसाळ्यात रिफ्लेक्टरचा चकाकता लेप उडालेला दिवा घेऊन तोच माणूस परत येतो. टोपण कसंबसं लावलंच तर आतली हवा कोंडते, चिप तापते आणि उजेड उतरत जातो. दुकानात दोन मिनिटं लावून पाहिलेला झगमगाट जवळच्या उंब्रजपर्यंतही टिकत नाही.

समोरच्याचं काय होतं ते रात्री हायवेला जाणारा प्रत्येक जण जाणतो. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. त्या शोधाबद्दल मला आदरच आहे. पण निळसर उजेड डोळ्यात जास्त विखुरतो, आणि साठीच्या पुढच्या, मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यात तर फारच. कायद्यानं याचा विचार जुनाच केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाचे डोळे. जुन्या ट्रकच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका रंगवलेला असायचा, तो याच काळजीपोटी. पासिंग झालं की काही ड्रायव्हर तो नखानं खरवडून काढायचे, ही गोष्ट वेगळी.

मग उजेडाचं करायचं काय? माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत दोष बल्बचा नसतोच. एक तर काच. पॉलिकार्बोनेटची काच उन्हानं पिवळी पडते. ती घासून पॉलिश केली की माणसाला नवी गाडी घेतल्यासारखं वाटतं. दुसरं वायरिंग. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मी मीटर धरतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि होल्डरवर १२.४, असं पुष्कळदा निघतं. दिसायला दहा टक्क्यांचा फरक, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ हिशेबानं उतरत नाही, फार वेगानं उतरतो. दहा टक्के व्होल्ट कमी म्हणजे जवळजवळ ३० टक्के उजेड कमी. जाड वायर, दोन रिले, घासून साफ केलेली अर्थिंग आणि चांगल्या कंपनीचे ६०/५५ चेच बल्ब, एवढ्यावर काम होतं. १००/९० चे बल्ब मी बसवत नाही. ते होल्डर वितळवतात. शेवटी भिंत आणि स्क्रू-ड्रायव्हर: १० मीटरवर रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटीमीटर खाली. डिकीत चार पोती टाकली की नाक वर होतं, म्हणून डॅशबोर्डवर दिवा खाली-वर करायचं चाक दिलेलं असतं. ते कशाचं आहे, हे बहुतेकांना मीच सांगतो.

एलईडीशी माझं वैर नाही. कारखान्यातूनच एलईडीसाठी आखलेला दिवा बसवून आलेली गाडी हॅलोजनपेक्षा सरस असते, यात वादच नाही. प्रोजेक्टरच्या दिव्यात बदली एलईडी त्यातल्या त्यात कमी उपद्रव करते, कारण तिथे रेघ आतला पडदा कापतो. तरी लांबचा उजेड घटतोच. जर्मनीत २०२० साली ऑसराम कंपनीच्या एच-७ प्रकारच्या बदली एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, तीसुद्धा सरसकट नाही. कुठल्या मॉडेलच्या कुठल्या दिव्यात चालेल, याची तपासून केलेली यादी आहे. यादीबाहेरच्या गाडीत तो बल्ब बेकायदा. माझ्या दुकानात येणाऱ्या खोक्यांवर 'सर्व गाड्यांना फिट' असं लिहिलेलं असतं.

एवढं ऐकूनही एखादा हट्टाला पेटतो. त्याला सांगतो की चिपची तोंडं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला हवीत, वर-खाली नकोत. बहुतेक बल्बांची कॉलर फिरते, तेवढं तरी बघून घ्या. आणि काढलेले हॅलोजन फेकू नका. कापडात गुंडाळून डिकीत ठेवा. एलईडीचा तो चिमुकला पंखा आधी बंद पडतो, मागोमाग बल्ब जातो, आणि हे रात्री खंबाटकी घाटात झालं तर तुमचं ऑनलाइन दुकान उपयोगी पडत नाही.